'स्कायरिम' पुन्हा सुरू केला की ओढ लवकर का ओसरते, आणि ती परत कशी आणावी?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार.

'द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम' हा बेथेस्डा गेम स्टुडिओजचा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्यानंतर इतर अनेक रोल-प्लेइंग गेम खेळून झाले, तरी मन रमले ते याच गेममध्ये. असे असूनही अलीकडे तो पुन्हा सुरू केला की थोड्याच बैठकांत त्यातला रस आटतो. गेम आवडेनासा झाला असता तर हा धागा काढायचे कारणच नव्हते. त्याचे संगीत नुसते कानावर पडले तरी गेम जिथे सुरू होतो त्या हेल्गनच्या भुयारातून बाहेर आल्यावर दिसणारी झाडे आणि समोरची बर्फाळ शिखरे डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि एखादे नवे पात्र घेऊन निघावे असे तीव्रतेने वाटते. प्रत्यक्षात निघालो की मात्र पावले जुन्याच वाटेने पडत जातात.

हे कसे घडते ते सविस्तर लिहितो, कारण उपाय शोधायचा तर दुखणे कुठे आहे ते आधी कळायला हवे. बैलगाडीसारख्या संथ चालीने जाणारी ती कैद्यांची गाडी, वधस्तंभ, अल्डुइन या ड्रॅगनचे आगमन, रालोफ किंवा हाडवार यांच्यापैकी एकाचा हात धरून केलेले पलायन, मग रिव्हरवुड गावाच्या वाटेवरचे तीन शिलास्तंभ, ब्लीक फॉल्स बॅरो हे जुने थडगे, व्हाइटरन शहर आणि पश्चिमेचा टेहळणी बुरूज. एवढा भाग मी अक्षरशः डोळे मिटून खेळू शकतो. थडग्यातल्या, सोनेरी पंज्याने उघडणाऱ्या दारापाशी पंजा उलटा करून तळव्यावरची चित्रे पाहण्याची गरजच उरलेली नाही. अस्वल, पतंग, घुबड हा क्रम बोटांना पाठ आहे. जे कोडे पहिल्या वेळी इतके सुरेख वाटले होते, तिथे आता मी क्षणभरही थांबत नाही.

दुसरा भाग पात्राचा. दर वेळी मी ठरवतो की या खेपेस जादूगार व्हायचे, किंवा ढाल-तलवार घेऊन लढायचे, आणि दर वेळी काही तासांनी माझ्या हातात धनुष्य असते आणि मी अंधारात दबा धरून बसलेला असतो. याला कारण आहे. लपून मारलेल्या बाणाचा आघात सुरुवातीलाच दुप्पट होतो, एक पर्क (कौशल्यातली जादा सवलत) घेतला की तिप्पट, आणि शत्रूला आपण कुठे आहोत याचा पत्ताही नसतो. इतका स्वस्त आणि निर्धोक मार्ग समोर असताना दुसरा मार्ग निवडणे म्हणजे उगाच नुकसान करून घेणे वाटते. शेवटी माझी सगळी पात्रे एकसारखी होतात, सगळ्या संघटनांत शिरतात, कंपॅनियन्सची प्रमुख होतात, विंटरहोल्डच्या विद्यापीठाची मुख्य जादूगार होतात, चोरांची आणि मारेकऱ्यांचीही नायक होतात, आणि कोणाचीच राहत नाहीत.

ज्यांनी हा गेम, किंवा असाच दुसरा एखादा आवडता गेम, बऱ्याच काळाने पुन्हा हाती घेतला आणि त्यात पुन्हा मनापासून रमले, त्यांनी काय केले हे कृपया सविस्तर लिहावे. नवे ग्राफिक्स कार्ड घ्या, असा सल्ला मला नको आहे. चित्र अधिक देखणे झाल्याने काही दिवस बरे वाटते, पण पावले त्याच वाटेने जातात हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

रानवाट

उत्तरवारा, तुमच्या लिखाणातला 'पावले जुन्याच वाटेने' हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या मते त्या वाटेवर तुम्हाला ओढून नेणारी गोष्ट तुमच्या स्मरणशक्तीपेक्षा पडद्याच्या वरच्या कडेला असलेली कंपासची पट्टी आहे. तिच्यावर क्वेस्टचा, म्हणजे हाती घेतलेल्या कामाचा, बाण सतत दिसत असतो आणि जवळपासच्या गुहा, किल्ले, छावण्या यांची चिन्हेही उमटत असतात. नजर तिथेच खिळते. मी एकदा जाणीवपूर्वक स्वतःकडे पाहिले, तेव्हा लक्षात आले की मी स्कायरिममधून चालत नसून त्या पट्टीवरच्या एका चिन्हाकडून दुसऱ्या चिन्हाकडे जात आहे.

सेटिंग्जमध्ये हडची (पडद्यावरच्या अशा सूचना-पट्ट्यांची) अपारदर्शकता कमी करण्याची सोय आहे, तरंगती क्वेस्टची चिन्हे बंद करण्याचीही आहे. मी दोन्ही केले, आणि फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून क्षणात दुसरीकडे जाणे) पूर्णपणे सोडले. व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, मार्कार्थ आणि रिफ्टन इथल्या तबेल्यांपाशी गाडीवाले असतात आणि ते नऊही प्रांतांच्या राजधान्यांना नेऊन सोडतात, तेवढी सवलत स्वतःला दिली. बाकी सगळे पायी किंवा घोड्यावर. चौकाचौकांत दिशादर्शक पाट्या आहेत. इतकी वर्षे खेळूनही मी त्या कधी वाचल्या नव्हत्या.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. याच मालिकेतल्या २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्ये बाण नव्हताच, त्यामुळे काम सांगणारा माणूस वाटही सांगत असे: अमुक पुलापर्यंत जा, मग नदीच्या डाव्या काठाने वर चढा, अशा थाटात. 'स्कायरिम'च्या संवादांत हे सर्वत्र नाही, कारण बाण दिसणारच असे लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले आहे. त्यामुळे काही क्वेस्ट बाणाशिवाय अशक्य होतात. तिथे मी नकाशा उघडून एकदा जागा पाहते आणि नकाशा बंद करते. क्लेअरव्हॉयन्स नावाचा जो साधा मंत्र आहे, ज्याकडे जुने खेळाडू ढुंकूनही पाहत नाहीत, तो इथे फार उपयोगी पडतो: मॅजिका (जादूची शक्ती) खर्च करून तुम्ही वाट विचारता आणि जमिनीवरून जाणारी एक प्रकाशरेषा थोडा वेळ दिसते. फुकट मिळणारी माहिती आणि काही खर्चून मिळवलेली माहिती यांत खेळताना बराच फरक पडतो.

गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाज्यातून राजगडावर अनेकदा गेलेला माणूस पहिल्यांदा पाली दरवाज्याने चढतो, तेव्हा गड तोच असूनही माचीवर पोहोचेपर्यंत त्याला तो अनोळखी वाटतो. मला व्हाइटरनचे पठार तसे वाटले, कारण मी त्यावर प्रथमच ईशान्येकडून, चालत उतरले होते.

लोहार

रानवाट यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. स्वतःवर बंधने घालून घेतल्याने काही काळ नवेपणा येतो, परंतु आतला गेम तोच असतो आणि मनाला ते ठाऊक असते. या गेमला दीर्घायुष्य मिळाले ते मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले फेरबदल, करणाऱ्या लोकांमुळे. फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉड बनवण्याचे क्रिएशन किट सर्वांसाठी खुले झाले, आणि २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आलेली स्पेशल एडिशन ६४-बिट असल्यामुळे भरपूर मॉड घालूनही गेम पूर्वीपेक्षा पुष्कळ स्थिर राहतो. एवढी मोठी खाण उपलब्ध असताना तिचा उपयोग न करणे मला पटत नाही.

उत्तरवारा यांना मी एकाच मॉडची शिफारस करीन, आणि तो म्हणजे 'लिव्ह अनदर लाइफ'. तो घातला की गाडी नाही, वधस्तंभ नाही, अल्डुइन नाही. तुम्ही एका ओसाड तुरुंगाच्या कोठडीत जागे होता, तिथल्या मारा देवीच्या मूर्तीपाशी आपले पूर्वायुष्य निवडता, कोठडीतल्या बिछान्यावर झोपता आणि उठता ते त्या आयुष्यात: कुणी शिकारी, कुणी शेतकरी, कुणी सरायीतला पाहुणा, कुणी फुटलेल्या जहाजातून वाचलेला. मुख्य कथा तुम्ही आपणहून हेल्गनकडे वळेपर्यंत वाट पाहत राहते. तुमच्या तक्रारीतला अर्धा भाग पहिल्या दोन तासांविषयी आहे, आणि तो भागच यामुळे वगळला जातो.

मॉडमुळे स्पेशल एडिशनमधील अचिव्हमेंट (कामगिरीची पदके) मिळणे बंद होते, हे मात्र आधी लक्षात घ्यावे.

उत्तरवारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लोहार, मॉडच्या बाबतीत माझा अनुभव वेगळ्या कारणाने कडवट आहे. मॉड शोधणे, एकमेकांशी न पटणारे बाजूला काढणे, त्यांचा क्रम लावणे, गेम मध्येच बंद पडला की एकेक काढून पाहणे, यातच सुट्ट्या संपतात. ते काम स्वतःच इतके गुंतवून ठेवते की यादी सिद्ध झाल्यावर खेळण्याची इच्छा शिल्लक राहत नाही. परंतु एकच मॉड, आणि तोही सुरुवातीपुरता, ही मर्यादा मला मान्य होण्यासारखी आहे. ते करून पाहतो.

पैलतीर

मी या चर्चेत थोडी वेगळी बाजू मांडू इच्छितो. आतापर्यंतचे दोन्ही उपाय जगाविषयीचे आहेत. माझ्या मते 'स्कायरिम'मध्ये शिळे होते ते पात्र. या गेममध्ये दहा वंश आहेत, अठरा कौशल्ये आहेत आणि गेम तुम्हाला कशालाही नाही म्हणत नाही. पहिल्या वेळी हे औदार्य वाटते. नंतर याच औदार्यामुळे सगळी पात्रे सारखी होतात, कारण जे दार दिसते ते उघडावे असा आपला स्वभाव असतो आणि एकही दार कायमचे बंद होत नाही. म्हणून नकार खेळाडूनेच द्यावा लागतो. पात्र काय करणार हे ठरवण्याआधी ते काय करणार नाही हे मी वहीत लिहून ठेवतो, आणि त्यामागचे कारणही लिहितो. कारण नसेल तर ती नुसती अट राहते आणि पहिल्या अवघड गुहेत मोडते.

एक उदाहरण देतो. विंडहेल्म हे शहर मी अनेक वेळा पाहिले होते, पण नेहमी तिथल्याच नॉर्ड वंशाचा म्हणून. मग एकदा डार्क एल्फ घेऊन तिथे गेलो. वेशीतून आत पाऊल टाकताच रोल्फ स्टोन-फिस्ट एका डार्क एल्फ स्त्रीला धमकावत असतो. हे दृश्य मी आधी पाहिलेलेच होते, पण या वेळी ते माझ्या माणसांविषयी होते. डार्क एल्फ राहतात त्या ग्रे क्वार्टरमधली ती अरुंद, काळवंडलेली गल्ली, तटाच्या आत राहायला मनाई असलेले गोदीवरचे आर्गोनियन, शहरांच्या वेशीबाहेर तंबू ठोकून बसणारे खजीत व्यापारी, हे सगळे गेममध्ये पहिल्या दिवसापासून आहे. माझ्या त्या पात्राने ठरवले होते की स्टॉर्मक्लोक बंडखोरांचे काम करायचे नाही आणि साम्राज्याचेही नाही, कारण विंडहेल्मची स्थिती दोघांनीही तशीच राहू दिली होती. यादवी युद्धाची संपूर्ण कथा मी सोडून दिली, आणि युद्ध न लढल्यामुळेच ते युद्ध मला प्रथमच खरे वाटले, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक छावणीला वळसा घालून जावे लागत होते.

नकार दिल्यावर गेम कधी कधी उत्तरही देतो, आणि ही गोष्ट पुष्कळ जुन्या खेळाडूंनी पाहिलेली नसते. डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या संघटनेची अॅस्ट्रिड तुम्हाला पळवून एका ओसाड झोपडीत नेते आणि बांधलेल्या तीन कैद्यांपैकी एकाला मारायला सांगते. तिथे कैद्याऐवजी तिच्यावरच शस्त्र उचलले तर ब्रदरहूड नष्ट करण्याची वेगळीच क्वेस्ट सुरू होते आणि त्यासाठी ड्रॅगन ब्रिज गावातल्या कमांडर मारोकडे जावे लागते. ती लहान आहे, तिच्यात इनाम फारसे नाही, आणि मारेकऱ्यांची लांबलचक सुंदर कथा तिच्यामुळे त्या पात्रापुरती कायमची संपते. मला ती फार मोलाची वाटते, कारण या गेममध्ये एखादी गोष्ट खरोखर गमावण्याची संधी क्वचितच मिळते.

दबा धरणाऱ्या तिरंदाजाचे काय करावे, याचे उत्तरही मला यातच दिसते. धनुष्य टाळायचे असेल तर 'मी धनुष्य वापरणार नाही' एवढे पुरत नाही. पात्राला दुसरे काहीतरी इतके हवे असले पाहिजे की धनुष्याची आठवणच येऊ नये.

चहापान

मला यात वेळेविषयी लिहायचे आहे, कारण २०११ मध्ये मी वसतिगृहात होते आणि आता घरात लहान मूल आहे. रात्री सगळे आवरल्यावर जेमतेम तासभर मिळतो. त्या तासात पूर्वीसारखी तीन गुहा, दोन क्वेस्ट आणि बाजार अशी घाई केली की गेम बंद करताना फक्त शीण राहतो. ही घाईच माझा उत्साह मारत होती, असे मला ठामपणे वाटते.

'स्कायरिम'मधला काळ आपल्या काळाच्या वीसपट वेगाने चालतो, म्हणजे तिथला एक पूर्ण दिवस आपल्या ७२ मिनिटांत होतो. हे कळल्यावर मी एक साधा नियम केला: एक बैठक म्हणजे पात्राचा एक दिवस. सकाळी सरायीतून निघायचे, दिवसभरात जे होईल ते करायचे, अंधार पडू लागला की मुक्कामाचे ठिकाण गाठायचे, दहा सेप्टिम देऊन खोली घ्यायची, झोपायचे, सेव्ह करायचे आणि यंत्र बंद करायचे. सरायीत भाड्याने घेतलेल्या खोलीत झोपल्याने आठ तास कौशल्ये दहा टक्के अधिक वेगाने वाढतात, तेव्हा दुसऱ्या दिवसाची सुरुवातही चांगली होते. दिवस संपला की काम अर्धवट राहिले तरी चालते. पात्राचेही राहिलेलेच असते.

यामुळे मी वाचू लागले. उत्तर किनाऱ्यावर डॉनस्टार आणि विंटरहोल्ड यांच्या मध्ये फ्रॉस्टफ्लो नावाचे दीपगृह आहे. पूर्वी मी तिथे शिरून, खालच्या गुहेतले फाल्मर आणि चॉरस हे हिंस्र जीव मारून, पेटी उघडून बाहेर पडत असे. या वेळी एक अख्खी बैठक तिथे घालवली. तिथल्या कुटुंबाच्या रोजनिश्या क्रमाने वाचल्या: म्हातारपणी दीपगृहात राहायला आलेला हाब्द हा खलाशी, त्याची बायको रमाती, नव्या जागेला कंटाळलेली मुले, आणि तळघरातून येणारे खुडबुडीचे आवाज. आपला देह त्या दीपगृहाच्या अग्नीतच जावा अशी हाब्दची इच्छा होती. त्याचे अवशेष खाली त्या मोठ्या चॉरसच्या पोटात सापडतात. ते वर नेऊन अग्नीत ठेवले की एक कायमचा आशीर्वाद मिळतो आणि उपचाराचे मंत्र दहा टक्के अधिक गुणकारी होतात. कुठलाही बाण हे करायला सांगत नाही. मी एवढ्या वर्षांत ते कधीही केले नव्हते, कारण मी थांबलेच नव्हते.

हिमरेषा

सर्व्हायव्हल मोडचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. तो २०१७ साली क्रिएशन क्लबमार्फत आला आणि नोव्हेंबर २०२१ पासून स्पेशल एडिशन असलेल्या सर्वांना विनामूल्य मिळाला. त्यासाठी मॉडची जुळवाजुळव करावी लागत नाही. भूक, थकवा आणि थंडी मोजली जाते, जखमा आपोआप भरत नाहीत, फास्ट ट्रॅव्हल बंद होते, ओझे वाहण्याची क्षमता घटते, बाणांना आणि कुलूप उघडण्याच्या तारांनाही वजन येते, आणि बिछान्यावर झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नाही. रानवाट, पैलतीर आणि चहापान यांनी जे स्वतःच्या निग्रहाने केले त्यातले बरेचसे हा मोड तुमच्याकडून करवून घेतो.

यात मला सर्वांत आवडलेला बदल ओझ्याचा आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक गुहेतून आपण लोखंडी चिलखतांचा ढीग उचलून आणतो, तो विकतो, आणि गेमचा मोठा हिस्सा इन्व्हेंटरी उघडी ठेवून वजनांकडे पाहण्यात जातो. इथे ते शक्यच नसते. गुहेत जाताना गरम रस्सा आणि औषधे घेतली की येताना दोन-तीन वस्तूंपुरतीच जागा उरते, म्हणून काय उचलायचे हे ठरवावे लागते.

एक सूचना आहे. नवे पात्र थेट विंटरहोल्ड किंवा डॉनस्टारकडे नेऊ नये. व्हाइटरन, फॉकरीथ आणि रिफ्ट हे मध्य आणि दक्षिणेकडचे भाग तुलनेने उबदार आहेत. तिथे स्थिरावल्यावर उत्तरेकडे जाणे ही तयारी करून काढलेली मोहीम होते.

जुनी वही

सर्वांनी मनापासून लिहिले आहे, तरीही मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. कदाचित उत्तरवारा यांना गेमपेक्षा तो काळ परत हवा असेल, आणि तो कोणत्याही सेटिंगने येत नाही. मी स्वतः 'स्कायरिम' बाजूला ठेवला आणि त्याच्या जवळचे दुसरे काही खेळले. 'एन्डेराल' हा शुअरएआय (SureAI) या जर्मन गटाने केलेला गेम २०१६ साली आला. तो 'स्कायरिम'च्याच यंत्रणेवर चालतो, पण जग, कथा आणि नियम सर्वस्वी वेगळे आहेत. हातांना ओळखीचे आणि डोळ्यांना अनोळखी, असा तो अनुभव होता. ज्यांना मालिकेतच राहायचे आहे त्यांच्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये 'ऑब्लिव्हियन'ची नवी आवृत्तीही आली आहे. ओढ बळेच आणू नये. ती नसताना खेळत राहिले तर जुन्या आठवणीही फिक्या होतात, हा माझा अनुभव आहे.

उत्तरवारा

मधल्या काळात जे केले ते लिहितो, कारण इतक्या लोकांनी इतका वेळ दिला.

आधी जुनी वही यांच्या मुद्द्याविषयी. मी त्यावर गंभीरपणे विचार केला. तो काळ मला प्रिय आहे हे खरेच, पण गेम सुरू केल्यावर मला खटकत होते ते काळाचे नसणे नव्हते. मी त्या जगाकडे लक्ष देत नव्हतो, हे खटकत होते. तसे नसते तर चहापान यांचा दीपगृहाविषयीचा परिच्छेद वाचून मी रात्री उशिरा गेम उघडला नसता. 'एन्डेराल' मात्र नोंदवून ठेवला आहे.

'लिव्ह अनदर लाइफ' घातला, सर्व्हायव्हल मोड सुरू केला, कंपास घालवला आणि पात्र घेतले ती एक डार्क एल्फ वैद्य. विंडहेल्मच्या ग्रे क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झालेली, आता व्हाइटरनला आलेली. तिचे नकार असे लिहिले: ती पैशासाठी कोणाला मारणार नाही, थडग्यांत शिरणार नाही कारण तिच्या लोकांत पूर्वजांना फार मान आहे, आणि ज्या जखमीवर उपचार करता येतील त्याला टाकून पुढे जाणार नाही. पैलतीर यांनी सुचवल्याप्रमाणे प्रत्येकाचे कारण लिहिले, आणि त्यातल्या दुसऱ्या नकाराने गेमचा नकाशाच बदलला. ब्लीक फॉल्स बॅरो बंद, म्हणजे व्हाइटरनचा दरबारी जादूगार फारेनगार याचे शिलालेखाचे काम बंद, म्हणजे टेहळणी बुरुजावरची लढाई नाही. आणि ती होईपर्यंत रानावनात अवचित ड्रॅगन उतरत नाहीत. ज्या गेमची ओळखच ड्रॅगन आहे तो मी ड्रॅगनशिवाय खेळतो आहे, आणि त्यामुळे कोल्हे, लांडगे, वाटमारे आणि थंडी यांना त्यांचे खरे वजन आले आहे.

तिचा दिवस बराचसा औषधी वनस्पतींत जातो. निळी डोंगरफुले आणि गहू यांपासून जखमा भरणारे औषध होते हे मला नेहमीच ठाऊक होते, पण पूर्वी ते दुकानातून घेऊन मोकळा होत असे. आता जखमा आपोआप भरत नसल्यामुळे शेतांच्या कडेने चालताना नजर फुलांवर असते, आणि पूर्वी कधीही न पाहिलेली झोपडी दिसते. रिव्हरवुडजवळच्या जंगलात अॅनीस नावाची एकटी म्हातारी राहते, तिच्याकडे मी अशीच फुले शोधत पोहोचलो. तिच्या तळघरात काय आहे ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगत नाही. माझी वैद्य तिच्याकडे आदराने, जाणत्या बाईला भेटायला गेली होती, म्हणून तो प्रसंग मला चटका लावून गेला. माझ्या जुन्या तिरंदाजांपैकी एकाने ती झोपडी पाहिली असती तर तळघरातल्या साहित्याचा भाव करून तो पुढे गेला असता.

इव्हारस्टेड गावाचा क्लिमेक वर डोंगरावरच्या हाय ह्रोथगार मठाला न्यायची रसद देतो, ते काम ड्रॅगनबॉर्न (मुख्य कथेचा नायक) नसलेल्या माणसालाही करता येते. रसद दाराबाहेरच्या पेटीत ठेवायची असते. मुख्य कथेत मी त्या पायऱ्या घाईघाईने, कडेच्या उतारांवरून उड्या मारत चढत असे. या वेळी वाटेवरचे दहाही शिलालेख वाचत गेलो. ते सगळे वाचले की एक दिवसभर प्राणी हल्ला करत नाहीत आणि पळूनही जात नाहीत. वाटेतला तो कुप्रसिद्ध फ्रॉस्ट ट्रोल मात्र माझ्या वैद्याला मारणे शक्य नव्हते, कारण त्याच्या जखमा तिच्या मंत्रांपेक्षा लवकर भरत होत्या. त्याला चुकवून वर कसे जायचे यावर मी एक अख्खी संध्याकाळ विचार केला, आणि खूप काळाने या गेममध्ये मला भीती वाटली. वर पोहोचल्यावर रसद ठेवली आणि दार न उघडता उतरलो.

दीपगृहालाही गेलो. हाब्दचे अवशेष अग्नीत ठेवले. उपचाराच्या मंत्रांना दहा टक्के बळ मिळणे माझ्या इतर कुठल्याही पात्राला निरुपयोगी होते. हिच्यासाठी ते गेममधले सर्वांत मोठे बक्षीस आहे.

लोहार, मॉडविषयी तुमचे म्हणणे मी अधिक मोकळेपणाने मान्य करतो. तो एक मॉड नसता तर ही वैद्य वधस्तंभापाशी जन्मली असती आणि अल्डुइनला पाहिल्यावर तिने ड्रॅगनकडे पाठ फिरवणे मला स्वतःलाच पटले नसते.

रानवाट

फार आनंद झाला. एक विचारते: व्हाइटरनचा जार्ल (शासक) बाल्ग्रूफ याच्या दरबारात गेल्यावर फारेनगारचे काम नाकारायचे, हे तुम्ही पात्राच्या तोंडून कसे जुळवले? माझ्या गेममध्ये ते अडकून बसते.

उत्तरवारा

ड्रॅगन्सरीचमध्ये, म्हणजे त्याच्या वाड्यात, मी अजून पाऊलच ठेवलेले नाही. तिला व्हाइटरनमध्ये काम आहे ते किनारेथच्या मंदिरात, जिथे डानिका जखमींची शुश्रूषा करते आणि उपचारविद्या शिकवते. मंदिर आणि सराय यांच्यापलीकडे, जार्लच्या वाड्यात एका ग्रे क्वार्टरच्या वैद्याला कोण बोलावणार, असे मी धरून चाललो आहे. पुढेमागे हेल्गनची बातमी तिच्यापर्यंत पोहोचली आणि तिथे जखमी असतील असे तिला वाटले, तर ती त्या बाजूला जाईल. तोवर मुख्य कथा थांबलेली असेल. तुमचे काम आधीच जर्नलमध्ये आले असेल तर ते तिथे तसेच पडू द्या आणि जर्नलमध्ये त्या क्वेस्टवरची खूण काढून टाका. त्याला काळाची मर्यादा नाही, आणि खूण काढली की क्लेअरव्हॉयन्सची रेषाही तिकडे ओढत नाही.